सावंतची फूटपट्टी

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. घरात रिकाम्या बरण्या साठतात तसे ते साठतात. टाकवत नाहीत, आणि पाहुणे आले की उपयोगी पडतात! आमच्याकडे नोकरीच्या तीस वर्षांचे आहेत, रिटायर झाल्यानंतरचे वेगळे.

ऑफिस उपनगरातलं, परवाने देणारं. खात्याचं नाव विचारू नका, पेन्शन चालू आहे! मी हिरा, वेसाव्याची कोळीण, तिथे टायपिस्ट. सावंत क्लार्क आणि ऑफिसच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. पिंटो कॅप्टन. जाधव हेडक्लार्क, मैदानावर सेंटर फॉरवर्ड आणि ऑफिसात सगळीकडून फॉरवर्ड. आता आम्ही चौघं दर रविवारी संध्याकाळी पिंटोच्या गोरेगावच्या घरी टीव्हीवर मॅच बघतो. मॅच थोडी बघतो, मीडियाला शिव्या जास्त घालतो.

सावंत मुलुंडहून येताना दोन गोष्टी आणतो, आठवड्याचे पेपर आणि एक लाकडी फूटपट्टी. फुटबॉलची बातमी किती सेंटिमीटर ते चक्क मोजतो!

"हे बघ, हिराबाय. क्रिकेटवाल्याच्या कुत्र्याच्या बर्थडेला बारा सेंटिमीटर. आपल्या फायनलला तीन. त्यात एक सेंटिमीटर नुसतं हेडिंग!"

*

पिंटो निळ्या जर्सीवाल्यांचा भक्त. कॉमेंटेटर लाल जर्सीवाल्यांचं कौतुक करायला लागला की पिंटोचं डोकं फिरतं. परवा तर तो टीव्हीसमोर उभाच राहिला. "पैसे खाल्लेत रे ह्याने! सरळ सरळ पैसे खाल्लेत!"

जाधव शांतपणे चकली मोडत म्हणाला, "नाही रे. खाणारा इतकं उघड ओरडत नाही. अनुभवाने सांगतो."

*

जाधवचा अनुभव मोठाच होता. त्याच्या टेबलाचा ड्रॉवर कायम चार बोटं उघडा असायचा. समोरचा माणूस बोलता बोलता पाकीट आत सरकवायचा आणि जाधव गुडघ्याने ड्रॉवर बंद करायचा. पाकिटाला हात म्हणून लावायचा नाही!

एकदा एक साधाभोळा म्हातारा आला. पाकीट ड्रॉवरमध्ये टाकून बाकड्यावर बसला. जाधव खूश. दोन तासांनी म्हातारा म्हणाला, "साहेब, माझ्या अर्जाचं काय झालं?"

"आधी अर्ज तर द्या, काका."

"दिला की! तुमच्या खणात!"

जाधवने पाकीट काढून फोडलं. आत खरंच नुसता अर्ज! जाधव इतका दुखावला, इतका दुखावला, की त्याने त्याच दिवशी म्हाताऱ्याचं काम करून टाकलं. वर म्हणाला, "अहो काका, अशा जागी अर्ज कोण ठेवतो?"

*

मीडिया नेहमी आपल्याविरुद्ध असतो हे आमचं ठाम मत. पण एकदा, फक्त एकदा, तो आमच्या बाजूने होता.

खात्यांच्या टूर्नामेंटची फायनल होती. पिंटोने ओळखीच्या एका रिपोर्टरला बोलावलं आणि हाफ टाइमला त्याच्यासाठी घरचा खिमा-पाव आणला. लाच म्हणायची तर म्हणा. तेव्हा आम्ही एक-शून्यने पुढे होतो. रिपोर्टरने खिमा-पाव खाल्ला, ढेकर दिला आणि निघून गेला. सेकंड हाफमध्ये आमची वाट लागली. चार-एकने हरलो!

दुसऱ्या दिवशी पेपरात आमचा एक-शून्यने विजय! मोठ्या साहेबांनी पेढे मागवले, अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. सगळे गप्प बसून पेढे खात होते, तेवढ्यात सावंत केबिनमध्ये गेला.

"साहेब, आपण हरलो. मी स्वतः चार गोल खाल्ले."

"सावंत, विनय चांगला," साहेब म्हणाले, "पण पेपरात आलंय!"

संध्याकाळी जिंकलेली टीम ट्रॉफी घेऊन भांडायला आली. साहेबांनी ट्रॉफी ठेवून घेतली.

*

आता पापलेटांचं ऐका. एका मासळीच्या व्यापाऱ्याला परवान्याची घाई होती. जाधव रजेवर, म्हणून तो सावंतकडे आला आणि टेबलावर बर्फातली सहा पापलेटं ठेवून पळाला. सावंत कोकणातला, गिरणी कामगाराचा मुलगा. मासा म्हणजे जीव की प्राण. पण त्याने पापलेटं ड्रॉवरमध्ये टाकली आणि कुलूप लावलं.

मी म्हटलं, "अरे, काय करतोस? सोन्यासारखी मासळी आहे!"

"पुरावा आहे. साहेब आले की त्यांच्यासमोर परत करणार."

साहेब टूरवर गेलेले. मध्ये शनिवार, रविवार. सोमवारी मी जिन्यातच नाकाला पदर लावला, आणि मी मासळीच्या टोपल्यांत वाढलेली बाई! सावंतचं टेबल हवा लागायला गच्चीवर नेऊन ठेवलं. त्याला म्हटलं, तोवर जाधवच्या टेबलावर बस.

आणि त्या आठवड्यात ऑफिसवर धाड पडली.

जाधवच्या ड्रॉवरमध्ये एक जुनं पाकीट निघालं. टेबलाशी बसला होता सावंत. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव, गावासकट, पेपरात. सावंत कळवळून केबिनमध्ये गेला, तर साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "पेपरात आलंय, सावंत."

जाधव रजा अर्धी टाकून परत आला. चौकशीत उभा राहिला आणि म्हणाला, "पाकीट माझं. हा माणूस पापलेटाला हात लावत नाही, तो पाकिटाला काय लावणार?" जाधवला वर्षभर सस्पेंड केलं, इन्क्रिमेंट गेली. सावंत निर्दोष. तेव्हापासून त्या दोघांत जे आहे त्याला दोस्ती हा शब्द लहान पडतो.

पण पेपराने त्यातलं एक अक्षर छापलं नाही. सावंत स्वतः जाऊन आला, पत्रं टाकली. तिथला एक जण म्हणाला, "निर्दोष सुटणं ही काही बातमी नाही हो."

जाधव आजही चिडतो. "ह्याला म्हणतात बायस! गोल मी मारला, नाव ह्याचं छापलं!" आम्ही हसतो. सावंतही हसतो. पण गावी त्याचे वडील त्याला म्हणाले होते, "पेपरात खोटा कशाक छापतीत?" आणि खुलासा येईल, येईल म्हणता म्हणता ते गेले. फूटपट्टी तेव्हाची आहे. त्याच्या बदनामीची बातमी चौदा सेंटिमीटर होती.

*

सावंतची नात तन्वी कॉलेजच्या टीममध्ये आजोबांच्याच जागी खेळते. मागच्या महिन्यात मुलुंडला तिची मॅच होती. आम्ही चौघं छत्र्या, पाणी, चकल्या घेऊन हजर! शेवटच्या मिनिटाला तिच्यावर पेनल्टी. समोरच्या मुलीने चेंडू सरळ पोस्टच्या बाहेर मारला. तन्वी उलट्या बाजूला पडली होती. पण जिंकली ना? पिंटो नाचला.

दुसऱ्या दिवशी पेपरात तन्वीचा फोटो! खाली लिहिलेलं, 'पेनल्टी अडवून संघाला विजय मिळवून दिला.' पेपर तोच, सावंतची बदनामी छापणारा. तन्वीने ते कात्रण साऱ्या खानदानाला पाठवलं.

रविवारी पिंटोकडे सावंतने मोजलं. नऊ सेंटिमीटर. मग तिथेच पिंटोच्या टेबलावर पत्र लिहायला बसला.

"अरे वेडा झालास?" जाधव ओरडला. "जन्मात दुसऱ्यांदा बायस आपल्या बाजूने झालाय. झोप ना गप!"

"आजोबा, प्लीज," तन्वी फोनवर रडकुंडीला आली. "चूक त्यांची आहे, माझी नाही ना!"

"मगे तेंका सांगूक नको?" सावंत म्हणाला, आणि पाकिटाला तिकीट लावलं.

पोरगी आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

पुढच्या रविवारी सावंत उशिरा आला. मॅच सुरू झाली होती. त्याने टीव्हीकडे बघितलंसुद्धा नाही. पेपर उघडून त्याने टेबलावर पसरला. सातव्या पानावर, अगदी खाली एक चौकट होती. चष्मा माझ्याकडे होता, म्हणून मी मोठ्याने वाचलं.

"खुलासा. पेनल्टीचा चेंडू गोलरक्षकाने अडवला नसून तो बाहेर गेला होता, असे तिचे आजोबा श्री. वसंत सावंत यांनी कळवले आहे. चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"शेवटचं परत वाच," सावंत म्हणाला.

"चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

त्याने फूटपट्टी लावली. दोन सेंटिमीटर. जाधवने टीव्हीचा आवाज बंद केला.

"छापतात रे," सावंत म्हणाला. "जाधव, बघ ना. छापतात."