कपाटाच्या बिजागऱ्या

माझ्या धाकट्या बहिणीचा मला हेवा वाटतो. लोक म्हणतात, वय झालं की हे असलं सगळं गळून पडतं. कसलं गळतंय! मला नातवंडं झाली, गुडघे वाजायला लागले, तरी तिचं नाव निघालं की माझा अजून जळफळाट होतो.

कडावला आईचं घर आणि माझं सासर यांच्यामध्ये एक विहीर आणि दोन गोठे, एवढंच अंतर. लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, नशीबवान गं, लेक डोळ्यांसमोर राहील. राहिले की! इतकी डोळ्यांसमोर राहिले की आईला दिसेनाशीच झाले. धाकटीला दिली खोपोलीला. तिचा नवरा साजगावच्या कारखान्यात फिटर, राहायला बिल्डिंगमध्ये, लिफ्टबिफ्ट सगळं. ती गौरीला माहेरी आली की आई ओटीवर येऊन उभी राहणार, भाकरतुकडा ओवाळून टाकणार, आणि म्हणणार, "आली गं माजी बाय!" मी तेव्हा आत चुलीपाशी घामाघूम होऊन भाकऱ्या थापतेय. गावातल्या गावात दिलेली लेक कुठं माहेरपणाला येते? ती येते पाणी भरायला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते उगीच नाही.

धाकटीला आई 'बाय' म्हणते. मला म्हणते 'अगं ए'. "अगं ए, दूध उतू चाललं." "अगं ए, कानांत बोळे घातलेस काय?" वडील गेल्यावर आई त्या घरात एकटी राहायची. सकाळचा चहा, दुपारची गोळी, संध्याकाळी पायाला तेल, सगळं मीच करायचे, आणि दिवसभर 'अगं ए' ऐकायचे. धाकटी वर्षातून दोन-तीनदा यायची, आईच्या पायाशी बसून घटकाभर तेल चोळायची, की पुढचे आठ दिवस आई गावभर सांगणार, "माज्या बायच्या हाताला काय गुण हाय!"

तर कपाट. आईच्या घरात एक सागाचं दोन दारांचं कपाट आहे. म्हणजे होतं. धाकटी जन्मली त्या वर्षी वडिलांनी ते करून घेतलं. मी जन्मले तेव्हा पाळणासुद्धा शेजारून उसना आणला होता. आईची लुगडी, वडिलांचा कोट, आमच्या दोघींच्या बाळंतपणातल्या दुपट्यांचं गाठोडं, सगळं त्यात. त्याच्या उजव्या दाराच्या बिजागऱ्या सैल झाल्या होत्या. स्क्रू फिरवला की नुसता गरागरा फिरायचा, धरायचा नाही, कारण आतलं लाकूड झिजून भोक मोठं झालं होतं. दार उघडलं की ते कलायचं, आणि आई एका हाताने दार धरून दुसऱ्या हाताने लुगडं काढायची.

आमच्याकडं सगळी डागडुजी गौरी-गणपतीच्या आधी होते. भिंती सारवतील, दारं तासतील, खिळे ठोकतील. मीही त्याच मुहूर्तावर हातात घेतलं. भोकात काडेपेटीच्या काड्या आणि खराट्याचे हीर कोंबले, वर पांढरा गोंद ओतला आणि स्क्रू पिळला. काय धरलं म्हणून सांगू! दार नुसतं ताठ. गौरीला धाकटी आली तेव्हा मी मुद्दाम चार वेळा तिच्यासमोर कपाट उघडलं आणि झाकलं. तिने बघितलं, नाही असं नाही, पण आईचं लक्ष तिच्या बांगड्यांकडं.

त्याच दिवशी जेवताना धाकटीने विषय काढला. "आये, तुजा गुडघा असा. रात्री-बेरात्री मागच्या दारी जायला लागतं. आता तू माज्याकडं चल खोपोलीला. कायमची."

वाढता वाढता माझी पळी पातेल्यातच राहिली. कायमची?

आई म्हणाली, "माजं कपाट येत असंल तर येईन. नायतर नाय. मेल्यावर खुशाल न्या मला कुठं न्यायचं तिथं, पण जिवंतपणी मी कपाटाबगर नाय राहायची."

"नेऊ की टेंपोतून," धाकटी म्हणाली. दिवाळी झाल्यावर न्यायचं असं ठरलं. मला कोणी काही विचारलंच नाही. मी वाढत होते.

आणि दिवाळी झाली न झाली तोच ते दार माझ्या हातात आलं. अक्षरशः हातात! बिजागरीसकट, काड्या-हीर सगळं घेऊन सुटलं. आता डोकं लावलं तर साधी गोष्ट आहे. आमच्याकडं पाऊस असा की श्रावण-भादव्यात लाकूड पाणी पिऊन फुगतं, भोकं आवळतात. तेव्हा त्यात काहीही कोंबा, घट्टच बसणार. थंडीचं वारं सुटलं की लाकूड आकसतं आणि आतलं सगळं खुळखुळायला लागतं. गणपतीला तासलेल्या दारांतून माघात मांजर जातं, हे अख्ख्या गावाला माहीत, तरी दर वर्षी सगळे गणपतीलाच तासतात. मीही त्यातलीच.

आईने दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. "असं कपाट टेंपोत घातलं तर खोपोलीपत्तोर त्याची लाकडं होतील. मी नाय जायची आता."

मला आतून उकळ्या फुटल्या. देव पावला! राहा म्हटलं, बिनदाराच्या कपाटातून लुगडी काढ, पण इथं राहा. पण आईचं पुढचं वाक्य यायचं होतं. "तुज्याच्यानं व्हायचं नाय ते. खोपोलीच्या जावयाला सांगते. त्याच्या हाताला कला हाय."

तुझ्याच्याने व्हायचं नाही! वडील होते तोवर मी इतकी वर्षं कर्जतजवळच्या फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशपेपर घासायला जात होते. धुरळा खाऊन खाऊन सागाचा वास माझ्या केसांतून जात नव्हता. आणि कला जावयाच्या हाताला!

माघात तो आला. मशीन घेऊन, लांब लांब जाड स्क्रू घेऊन. माणूस भला आहे, उगीच नावं कशाला ठेवू, पण लोखंडातला माणूस. लोखंडात जाड बोल्ट घातला की काम भागत असेल. त्याने झिजलेल्या भोकांत दुप्पट जाडीचे स्क्रू घातले आणि मशीनने घर्रर्र करून पिळले. शेवटच्या स्क्रूला कट् करून आवाज आला. चौकटीला वरून खाली उभी चीर.

मी आईच्या तोंडाकडं बघत होते. आता बोलेल, आता झोडपेल. मी एकदा तिचा बिनकानाचा कप फोडला होता, तर महिनाभर ऐकवलं होतं तिने. आई उठली, चिरेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "असू दे रं बाबा. लाकूडच जुनं झालंय. येवढ्या लांबनं आलास, दमला असशील. अगं ए, चा टाक जावयाला."

मी चहा टाकला. साखर घातली नाही. त्याने मुकाट्याने पिऊन टाकला, तेवढाही आनंद मला मिळू दिला नाही.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. कपाट भिंतीला टेकून उभं, एक दार जमिनीवर. माझा नवरा म्हणाला, "बरं झालं की. मोडकं राहू दे तसंच. कपाट हलत नाय तोवर तुजी आयबी हलत नाय." खरंच होतं ते. मला काय ते कळत नव्हतं? नुसतं हात बांधून बसायचं होतं, आई माझीच राहिली असती. पण येता-जाता ती चीर दिसायची आणि कानात वाजायचं, तुज्याच्यानं व्हायचं नाय. माझ्याने बसवेना.

वैशाखात घेतलं करायला. लाकूड कसं खडखडीत वाळलेलं, टिचकी मारली तर वाजत होतं. आधी जावयाचे ते जाडे स्क्रू काढून फेकले. चिरेत गोंद भरला आणि चौकटीभोवती सुंभ गुंडाळून, त्यात काठी घालून पीळ दिला, तो दोन दिवस सोडला नाही. मग भोकं. आमच्या कारखान्यातला म्हातारा मिस्त्री असंच करायचा. झिजलेलं, भुगा झालेलं लाकूड ठेवायचंच नाही. गिरमिट घेऊन भोक आणखी मोठं करायचं, कडक लाकूड लागेपर्यंत. बघणाऱ्याला वाटतं, ही बाई आणखीच बिघडवतेय. आईलाही वाटलं. "अगं ए, चाळण करतेस काय त्याची?"

माझ्या माळ्यावर मोडक्या पाटाचा सागाचा तुकडा होता, वर्षानुवर्षं धूर खाल्लेला. त्याच्या गुट्ट्या केल्या, भोकाच्या मापाच्या खुंट्याच म्हणा, तोंडाशी किंचित निमुळत्या. पॉलिशपेपरने इतक्या घासल्या की बोटाला गुळगुळीत लागत होत्या. गोंद लावून भोकात ठोकल्या. ठोकताना आवाज बदलतो. आधी भदभद, मग टणटण. टणटण झालं की समजायचं बसली. वरचं टोक कापून चौकटीशी सपाट केलं. गोंद पुरता वाळू दिला. मग गुट्टीच्या बरोबर मध्ये बारीक भोक पाडलं, जुन्याच स्क्रूला मेणबत्तीचं मेण लावलं आणि हाताने पिळला, मशीनने नाही. शेवटचे दोन आटे मला दोन्ही हातांनी फिरवायला लागले. तेव्हा माझ्या तोंडातून काय शब्द निघाला तो इथं लिहीत नाही, पण तो जावयाला उद्देशून होता.

आईला हाक मारली. "ये, बघ आता."

ती काठी टेकत आली. दार उघडलं, झाकलं. मग काठी बाजूला ठेवून त्या उघड्या दाराला धरून उभी राहिली, सगळा भार टाकून. दार तसूभर हललं नाही. मी वाट बघत होते. काय म्हणेल? एवढंच म्हण गं, पोरी बरं केलंस. बाय नको म्हणूस, पण अगं ए तरी नको.

"धरलं," आई म्हणाली. पदराने चौकट पुसली. "आता कायबी व्हायचं नाय याला. अगं ए, टेंपोवाल्याला सांग बघू. पाऊस लागायच्या आत जाते."

मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन उभी. गाढवीण! स्वतःच्या हाताने, गोंद लावून, मेण लावून, आईला खोपोलीला पाठवायची सोय केली होती मी. जावयाच्या नाकावर टिच्चून.

टेंपो आला. कपाटाभोवती मी स्वतः गोधड्या गुंडाळल्या. आई ड्रायव्हरशेजारी बसली आणि धाकटी तिच्या पलीकडं, आईचा हात हातात घेऊन. मला म्हणाली, "ताई, येत जा गं." म्हणजे माझ्याच आईकडं मी आता येत जायचं. घरी येऊन मी पडवीत बसले आणि चांगला हंबरडा फोडला. नवरा म्हणाला, मी सांगितलं होतं. त्यालाही दोन शब्द ऐकवले.

पावसाळा गेला तसा धाकटीचा फोन आला. आवाज वैतागलेला. "ताई, आई रोज एकच धरून बसलीय. बिजागरी ढिली झालीय, मोठीला बोलव. ह्यांनी बघितलं, ठीक हाय. पण ऐकतच नाय. तू ये बाई एकदा."

गेले. पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, दोन गुट्ट्या, गोंदाची डबी. लिफ्टमधून वर गेले तर आई दारात उभी. उंबऱ्यातच मला थांबवलं, भाकरीचा तुकडा माझ्यावरून ओवाळला आणि गॅलरीतून खाली टाकला. "आली गं माजी बाय!"

मी मेलेच. आयुष्यभर ज्यांच्यासाठी जळले ते शब्द, असे दारात उभे. माझ्यासाठी सुकटीची चटणी करून ठेवलेली, तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या. भाकऱ्या थापल्या होत्या धाकटीने. तिचे केस विस्कटलेले, मनगटाला चटका बसलेला, डोळ्यांखाली काळं. ती माझ्या पानाकडं बघत होती. त्या बघण्यात काय होतं ते मला कोणी सांगायला नको. मी चटणी चाटून-पुसून खाल्ली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग कपाट बघितलं. एकही स्क्रू ढिला नव्हता. आई पलंगावर बसून म्हणत होती, "नीट बघ, सावकाश बघ, घाई नको." मी एक स्क्रू थोडा सोडला आणि पुन्हा आवळला. मग दुसरा. ती बघत होती, मी वेळ लावत होते.

"अगं ए!" आई एकदम कडाडली. "चा उकळून काळा झाला असंल! कानांत बोळे घातलेस काय?"

"ओ, आले," मी म्हणाले, आणि स्क्रू ड्रायव्हर हातात तसाच, निघालेसुद्धा.

"तुला नाय गं बाय," आई म्हणाली. आवाज लोण्यासारखा मऊ. "तिला. तू कशाला उठतेस? तू पाव्हणी. बस."

मी बसले. आत धाकटी आईच्या शिव्या खात चहा गाळत होती, आणि मला तिचा असा काही हेवा वाटला की हातात कप आला तेव्हा मान वर करून तिच्याकडं बघवेना.