एकशेचार नंबरचं बिऱ्हाड

बाईंना मागून सावकाशबाई म्हणतात हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. ज्याने पहिल्यांदा म्हटलं तोही ठाऊक आहे, पण तो आता रिटायर झाला, जाऊ दे. कान-नाक-घशाच्या मोठ्या दवाखान्यात बाई तेवीस वर्षं कॉम्प्युटरच्या खोलीत आहेत. खोली तळमजल्यावर, धुलाईखान्याला लागून; एका भिंतीतून वाफ आणि दुसऱ्या भिंतीतून एसी, त्यामुळे भर उन्हाळ्यातही बाई स्वेटर घालून बसतात. कुणी धापा टाकत आलं आणि "बाई, लवकर बघा हो!" म्हणालं, की त्या आधी चष्मा पुसतात. मग म्हणतात, "सावकाश." आता समोरच्याचा जीव टांगणीला लागलेला असताना असं म्हटल्यावर त्याचा संताप होणार नाही तर काय होणार?

त्यांचं काम काय, हे घरच्यांना समजावताना बाई एकच उदाहरण देतात. खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात चौदा बिऱ्हाडं राहतात. एक केसपेपरचं, एक औषधांचं, एक एक्स-रेचं, अशी. ही बिऱ्हाडं म्हणजे एकाच मोठ्या कॉम्प्युटरच्या आतली चौदा मशीन, प्रत्येकाला एक नंबर; ती हाताला लागत नाहीत, दाखवता येत नाहीत. सगळी त्या एका कपाटातच नांदतात, आणि प्रत्येकाला वाटतं की अख्खं घर आपलंच आहे. रोज रात्री सव्वादोन वाजता प्रत्येक बिऱ्हाडाचं जसंच्या तसं गाठोडं बांधलं जातं आणि पलीकडच्या इमारतीत जाऊन पडतं. एखादं बिऱ्हाड कोसळलं, की बाई काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करतात आणि गाठोडं सोडतात. माउस नाही, बटणं नाहीत, रंगीत चित्रं नाहीत. नुसती ओळ.

"म्हणजे मेलेलं उठवतेस," नवऱ्याने एकदा म्हटलं.

"मेलेलं नाही हो. कालचं उठवते."

नवरा बेकरीत भट्टीवर असतो, माणूस गमत्या. पाहुण्यांसमोर तो हमखास सांगतो, "हिने लग्नाच्या फोटोंच्या तीन प्रती काढल्यात. एक इथे, एक माहेरी, एक माझ्या बहिणीकडे. नवरा मात्र एकच ठेवलाय. काय हा निष्काळजीपणा!" बाई हसतात, पण तिन्ही प्रती वर्षातून एकदा उघडून बघतात, हे त्यालाही माहीत आहे.

हा सावकाशपणा काही जन्माचा नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बाई भलत्याच चपळ होत्या. तपासण्यांच्या रिपोर्टांचं मशीन बिघडलं, त्यांनी फटकन आदल्या रात्रीचं गाठोडं त्याच नंबरावर सोडलं, आणि वाहवा मिळवली. अर्ध्या तासाने कळलं की जुन्या मशीनमध्ये त्या दिवशी सकाळचे एक्केचाळीस रिपोर्ट शाबूत होते, आणि नवं वरून येऊन बसताच ते कायमचे गेले. कुणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं. बाई पुढचे आठ दिवस पायपीट करून एक्केचाळीस घरी गेल्या, लोकांकडचे कागद मागून आणले आणि एकेक आकडा पुन्हा टाइप केला. तेव्हापासून त्यांचे दोन नियम. आज्ञेची ओळ आधी वहीत पेन्सिलीने लिहायची, पडद्यावर टाइप केली की खाली बोट फिरवत मोठ्याने वाचायची, आणि मगच एंटर. दुसरा नियम असा, की पडलेल्या बिऱ्हाडाच्या जागेवर दुसरं बसवायचं नाही. नवीन नंबर द्यायचा, शेजारी उभं करायचं, जुन्याला हात लावायचा नाही.

तिसराही एक होता, पण तो त्यांनी कधी लिहिला नव्हता. दुसऱ्याच्या घराचं दार बसवून द्यावं, कपाट उघडून बघू नये. तेवीस वर्षांत बाईंनी कुठल्याही मशीनच्या आत काय साठवलंय हे बघितलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला वीज गेली आणि लगेच आली. तेवढ्यात बॅटरीने दगा दिला. तेरा बिऱ्हाडं मुकाट उठली, एकशेचार नंबरचं उठलं नाही. बाकीच्या तेरांची तपासणी उरकून बाई पेन्सिलीला टोक काढत होत्या, तेवढ्यात वरून कानाच्या मॅडम स्वतः जिना उतरून आल्या. ही मॅडम मुलांच्या कानांचं बघते. वयाने बाईंच्या मुलीएवढी, नेहमी हसतमुख. आज चेहरा पार उतरलेला.

"ताई, एकशेचार माझं मशीन आहे. मला ते आज हवंय. आत्ता हवंय."

"सावकाश. काय झालं ते सांग आधी."

मॅडमने उभ्याउभ्याच सांगितलं. सहा वर्षांची मुलगी. जन्मापासून ऐकू येत नाही. दीड वर्षाची असताना ऑपरेशन करून कानात बारीक तार बसवली. बाहेर कानामागे एक यंत्र लावायचं, ते आवाज पकडून तारेला देतं. पण कुठला आवाज किती द्यायचा हे प्रत्येक मुलाचं वेगळं असतं. ते ठरवायला या मुलीच्या साडेचार वर्षांत तीस-चाळीस बैठका झाल्या होत्या. अशा ठरलेल्या मांडणीला मॅप म्हणतात, आणि सगळ्या मुलांचे मॅप एकशेचारमध्ये. नऊ दिवसांपूर्वी पुलावरून वाकून बघताना कानामागचं यंत्र पाण्यात पडलं. आज नवं कोरं यंत्र आलं. मायलेकी पाच तास बसने प्रवास करून आल्या, आणि एकशेचार बंद.

"मी म्हटलं, तोवर सगळ्यांना चालतो तसा ढोबळ मॅप घालून बघू," मॅडम म्हणाली. "चूक झाली माझी. आई बोलली, आणि पोरगी किंचाळली. ताई, तिला आईच्या तोंडातून कुणातरी भलत्याच बाईचा आवाज ऐकू आला. यंत्र काढून फेकलं आणि ओरडायला लागली, 'तू आई नाहीस, माझी आई कुठेय?' आता आई तोंडच उघडत नाहीये. तो मॅप गेला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वर्ष जाईल. आणि एवढी घाबरल्यावर पोरगी यंत्र कानाला लावू देईल की नाही, कोण जाणे."

बाई आज चष्मा पुसायच्या विसरल्या.

विभागाचे साहेब एव्हाना खुर्चीमागे येऊन उभे होते. साहेब हुशार, कामाला वाघ, फक्त घाईचे. "बाई, कालचं गाठोडं एकशेचारवरच सोडा. वीस मिनिटांत मोकळे होऊ. नवीन नंबराला जागा नाही कपाटात."

"जागा करू. तुमचं ते खेळायचं मशीन आहे ना, ते काढा."

"अहो, ते सरावाचं आहे!"

"तेच म्हणतेय मी."

"बाई, एकशेचार मेलंय. मेलेल्याला कशाला जपताय?"

"दवाखान्यात नोकरी करता, साहेब, आणि नाडी न बघता मेलं म्हणता?"

साहेबांनी कपाळावर हात मारला, पण आपलं मशीन काढलं. बाईंनी वहीत ओळ लिहिली, मग टाइप केली, आणि बोट फिरवत वाचू लागल्या. "परत आण. काल रात्री सव्वादोनचं गाठोडं. एकशेचारचं. ठेव नऊशेचारवर." पुन्हा एकदा वाचलं. एंटर.

एक टक्का. दोन टक्के. मॅडम भिंतीला टेकून पडद्याकडे बघत राहिली. धुलाईखान्यातली मशीन घरघरत होती. बाईंनी हे शेकडो वेळा केलं होतं, आणि तरीही नव्वदच्या पुढे गेलं की त्यांच्या अंगावर काटा यायचाच. एवढंसं गाठोडं, त्यात अख्खं नांदतं घर. शंभर झाले. बाईंनी दुसरी ओळ टाइप केली, वाचली, आणि नऊशेचारला उठवलं. पडद्यावर भराभर ओळी धावल्या. ते आपले हातपाय चाचपत होतं, घड्याळ बघत होतं. त्याच्या लेखी अजून काल रात्रीचे सव्वादोनच होते. वीज गेली, मुलगी किंचाळली, यातलं त्याला काही माहीत नव्हतं. मग ओळी थांबल्या आणि त्याने शहाण्यासारखं विचारलं, कोण आलंय, नाव सांगा.

"काय बाई आहे हे," बाई स्वतःशीच पुटपुटल्या. मॅडम एका वेळी दोन पायऱ्या चढत वर पळाली.

पाच मिनिटांत तिचा फोन आला. आवाज पार गेलेला. "ताई, सगळ्या मुलांची नावं आहेत. तारखा आहेत. मॅप एकही नाही. तीनशे चाळीस मुलं, एकाचाही नाही."

बाईंनी मागे वळून बघितलं. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दुसरी डिस्क," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात एकशेचारचं घर भरलं होतं, म्हणून मी त्याला दुसरी डिस्क जोडली. मॅप तिकडे हलवले. रात्रीच्या गाठोड्यात ही डिस्क घ्यायची की नाही, तिथे एक खूण करायची असते. ती राहिली."

"म्हणजे महिनाभर गाठोडं तिच्याशिवाय बांधलं जातंय."

"हो."

"आणि मघाशी एकशेचारवरच सोडलं असतं तर?"

साहेब खाली बघत म्हणाले, "ती डिस्कही पुसली गेली असती. गाठोड्यात जे नाही ते पुसतंच. न विचारता."

बाईंना बोलायचं होतं ते त्यांनी डोळ्यांनीच बोलून घेतलं, मग तो रागही ओसरला. कारण खापर एकट्या साहेबांवर फोडण्यात अर्थ नव्हता. दर महिन्याला बाई प्रत्येक गाठोडं सोडून मशीन उठतंय का हे तपासत होत्या. याही महिन्यात तपासलं होतं. उठतंय, नाव विचारतंय, झालं! कपाट उघडून बघितलं असतं तर ते रिकामं दिसलं असतं. पण दुसऱ्याचं कपाट उघडायचं नाही म्हणे. कसला मोठेपणा तो! बाईंना स्वतःची अशी चीड कित्येक वर्षांत आली नव्हती.

"खुर्ची घ्या, साहेब," त्या म्हणाल्या. "मी वाचते, तुम्ही ऐका. चुकले तर थांबवा."

आधी एकशेचारच्या त्या दुसऱ्या डिस्कची प्रत काढायची, आणि नऊशेचारला प्रतच जोडायची. मूळ डिस्क तशीच राहू द्यायची. आणखी चाळीस मिनिटं. साहेबांनी एकदाही लवकर म्हटलं नाही. बाई वाचत होत्या तेव्हा त्यांचे ओठही सोबत हलत होते. डिस्क जोडली. वीज गेली तेव्हा तिलाही धक्का बसला होता, त्यामुळे आतली घडी नीट आहे का हे तपासण्याची ओळ लिहावी लागली. दोन ठिकाणी बिघाड निघाला. तो दुरुस्त झाला. मग फायलींची यादी मागितली आणि पडदा भरून वाहू लागला. तीनशे अडतीस, तीनशे एकोणचाळीस, तीनशे चाळीस.

"आहेत," साहेब म्हणाले, आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

बाई उठल्या. "मी वर जाते. उघडतंय का ते आज मी बघणार."

मॅडमच्या खोलीत बाई तेवीस वर्षांत पहिल्यांदा आल्या. खाली गालिचा, जाड पडदे, बाहेरचा आवाज अजिबात नाही. मुलगी पाठमोरी जमिनीवर बसून लाकडी ठोकळे रचत होती. तिच्या मागे, भिंतीशी, तिची आई. ओठ घट्ट मिटलेले.

मॅडमने मॅप उघडला आणि बाईंना जवळ बोलावलं. पडद्यावर बावीस ओळी होत्या, प्रत्येक ओळीत दोन आकडे.

"एवढंच?" बाईंनी विचारलं.

"एवढंच, ताई. चव्वेचाळीस आकडे. यात तिची आई बसते, पाऊस बसतो, कुत्रं बसतं, सगळं बसतं."

बाई बघतच राहिल्या. यापेक्षा जास्त आकडे त्यांच्या पेन्सिलीच्या वहीत एका पानावर असत. इतकी वर्षं त्या हे बांधत होत्या, सोडत होत्या, टक्के मोजत होत्या.

मॅडमने यंत्रात मॅप घातला. मुलीने ते बघताच मान काढून घेतली, दोन्ही हातांनी डोकं धरलं. मॅडम तिच्यासमोर बसली, यंत्र तिच्याच हातात दिलं आणि वाट बघत राहिली. बराच वेळ गेला. मुलीने यंत्र उलटंसुलटं करून बघितलं, आणि शेवटी आपणच कानामागे बसवलं. खांदे वर ओढून, डोळे मिटून.

आता कुणीतरी बोलायला हवं होतं. मॅडमने आईकडे बघून मान हलवली. आईने मानेनेच नाही म्हटलं. तिच्या डोळ्यांत नुसती भीती होती. पुन्हा किंचाळली तर? बाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या आणि तिचा हात धरला. बोलल्या मात्र नाहीत. पहिला आवाज परक्याचा नको.

"चिमणे," आई म्हणाली. इतकं हळू, की शेजारी बसलेल्या बाईंनाही जेमतेम ऐकू आलं.

मुलीचे खांदे खाली आले. तिने वळून आईकडे बघितलं, रागावल्यासारखं, गाल फुगवून.

"आई! सकाळी कुठे गेली होतीस गं तू?"