इंग्लंड बाहेर पडलं आणि दीनानाथरावांची लेकही

इथं कॅनडात, वॉनमधल्या आमच्या मॉलची दुकानं दहाला उघडतात, पण म्हाताऱ्यांसाठी दारं आठलाच उघडी असतात. बाहेर उणे वीस असलं की आम्ही आत, दिव्यांच्या उजेडात, बंद दुकानांसमोरून फेऱ्या मारतो. मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी मुलाला म्हणालो, "अरे परीक्षित, बंद बाजारात आमच्याकडे कुत्री फिरतात." तो म्हणाला, "आबा, ट्राय तर करा." केलं. आणि तिथंच मला दीनानाथ खांबेटे भेटले.

दीनानाथराव मूळचे रत्नागिरीकडचे. आधी इंग्लंडात कोव्हेंट्रीला मोटारीच्या कारखान्यात आठ वर्षं, मग एकाहत्तर साली कॅनडा. इथं सुट्या भागांच्या गोदामात तपासनीस होते. एखादा बोल्ट हातात धरला की केसाएवढी चूक सांगायचे. स्वतःची मात्र फुटाएवढी दिसायची नाही. बायको वारलेली. एकुलती एक लेक ऊर्मी लंडनला, तिथंच लग्न केलेलं, नवरा डच, नाव पीटर. जावई गोरा मिळाल्यावर यांनी आधी दोन महिने तोंड फुगवलं आणि नंतर दोन वर्षं त्याचे फोटो दाखवून आम्हाला छळलं.

त्यांच्याकडे एक जुनी व्हॅन होती. रोज पावणेआठला ते आम्हा तिघांना घरून उचलत. एक मी. दुसऱ्या विजयालक्ष्मीताई, निवृत्त नर्स. त्यांनी नुसतं बघितलं तरी माणूस बाही वर करतो. तिसरे चंद्रकांत पाटणकर, गणिताचे निवृत्त प्रोफेसर. त्यांची नजर अधू झाल्यामुळे गाडी सुटलेली. पाटणकर आणि खांबेटे यांची चाळीस वर्षांची मैत्री. मैत्री म्हणजे काय, एकानं पूर्व म्हटलं की दुसऱ्यानं पश्चिम म्हणायचं.

तर दोन हजार सोळाच्या जूनमध्ये इंग्लंडनं मतदान घेतलं, युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं. पाटणकर पूर्वी लेस्टरला शिकवायचे, ते म्हणाले राहायचं. झालं, त्याच मिनिटाला दीनानाथराव बाहेर पडले. तिथं मत दोघांनाही नव्हतं, पण आवाज होता.

मला त्यात काही नवल वाटलं नाही. आमच्या गावाची आणि शेजारच्या वाडीची एकच ग्रामपंचायत होती. वाडीनं ठरवलं, वेगळं व्हायचं. झालं वेगळं. दवंडी द्यायला दौलूला धाडलं. त्याचं घर गावात, शेत वाडीत, आणि सासुरवाडीही वाडीतच. त्यानं इमानानं दोन्हीकडे दवंडी पिटली आणि हलगी काखोटीला मारून सरपंचाला विचारलं, "अण्णा, समद्यांचं सांगून झालं. आता मी कुनाचा?" सरपंच म्हणाले, "ते ठरायचंय." अकरा वर्षं ते ठरत होतं. माझ्यासारख्या सातवी पास माणसाला मतदानाबद्दल एवढं कळलं तरी पुरे.

निकाल लागला. बावन्न विरुद्ध अठ्ठेचाळीस. दीनानाथरावांनी पहाटे उठून 'खांबेटे परिवार' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, "पडले बाहेर! शाब्बास! आता ज्यानं त्यानं आपापल्या घरी जावं!" आणि खाली फटाके. मला दाखवले तेव्हा मी मोजले, अकरा होते.

आता त्या ग्रुपवर एकतीस माणसं. त्यात पीटर होता. लग्नात मोठ्या कौतुकानं यांनीच त्याला घेतला होता. तो बिचारा मराठी निरोप फोनकडून भाषांतर करून वाचायचा, आणि "गणपती बाप्पा मोरया"ला सगळ्यात आधी अंगठा त्याचाच. वीस मिनिटांत ग्रुपवर ओळ आली, ऊर्मी लेफ्ट. तिच्याखाली लगेच दुसरी, पीटर लेफ्ट.

त्या सकाळी व्हॅनमध्ये दीनानाथराव नुसते धुमसत होते.

"असं उठून निघून जायचं असतं का? बोलणी नाहीत, मुदत नाही, काही नाही! घर आहे की धर्मशाळा?"

पाटणकर मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाले, "युरोप आत्ता अगदी हेच म्हणतंय."

"तू गप रे!"

"आणि दीन्या, ज्यानं त्यानं आपापल्या घरी जायचं ना? मग तू रत्नागिरीला कधी निघतोस? मला सोडायला कोण येणार मॉलला, एवढंच बघायचंय."

दीनानाथरावांनी ब्रेक असा मारला की विजयाताईंचा डबा माझ्या मांडीवर आला. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम काढला, "गाडीत फक्त हवामान बोलायचं. आणि मॉलमध्ये खांबेटे, तुम्ही एक तर चाला, नाही तर भांडा. दोन्ही करायला तुमचं हृदय पंचविशीतलं नाही."

त्यावर तोडगा पाटणकरांनीच काढला. दीनानाथराव घड्याळाच्या दिशेनं फिरतील, ते उलट दिशेनं. असं अडीच-पावणेतीन वर्षं चाललं. एकाच गाडीतून उतरायचे, दारातून दोन बाजूंना पांगायचे. पण गोल फेरी आहे हो! दर फेरीत दोघं दोनदा समोरासमोर यायचे, आणि दर भेटीत एकाचंच एक वाक्य. बुटांच्या दुकानापाशी दीनानाथराव म्हणायचे, "साहेबाच्या घरात साहेबानं ठरवावं!" उत्तर मिळायचं सहा मिनिटांनी, चष्म्याच्या दुकानासमोर, "आयर्लंडच्या सीमेचं काय?" मग पुन्हा बुटांपाशी, "सीमेचं बघतील ते!" मी आलटून पालटून एक दिवस याच्याबरोबर, एक दिवस त्याच्याबरोबर. दोन्ही बाजूंना मी आपला माणूस. एकदा आवाज इतके चढले की मॉलचा पंजाबी सिक्युरिटीवाला धावत आला. "अंकलजी, वॉक करो, पार्लमेंट मत चलाओ." चिनी आजीबाईंचा एक घोळका होता, त्यांनी तर दोघांसाठी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. कुणाची बाजू कळत नव्हती, पण करमणूक होत होती.

हसण्याचा भाग हा एवढा. आता दुसरा सांगतो. ऊर्मी आधी दर रविवारी अकराला फोन करायची. तो बंद झाला. वाढदिवसाला इंग्रजीत चार शब्द, दिवाळीला एक पणतीचं चित्र, बस. परीक्षितनं दीनानाथरावांना कितीदा रविवारी जेवायला बोलावलं. ते म्हणायचे, "अकरा ते बारा मला काम असतं." मी एकदा त्या वेळात त्यांच्याकडे गेलो, लोणच्याची बरणी द्यायला. काम काही नव्हतं. टेबलावर फोन चार्जरला लावलेला, आणि हे समोर बसलेले, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून.

मी म्हटलं, "तुम्हीच लावा की फोन."

"मी का? मी मत मांडलं. मत मांडणं गुन्हा आहे का?"

दोन हजार अठराची दिवाळी झाली आणि दीनानाथरावांनी फूड कोर्टात, डबल साखरेच्या कॉफीवर, सगळ्यांसमोर जाहीर केलं, "एकोणतीस मार्चला मला ऐंशी वर्षं आठ महिने होतायत. सहस्रचंद्रदर्शन करायचं. देवळाचा हॉल मी बुक केलाय."

"शुक्रवार आहे तो," विजयाताई म्हणाल्या. "लोक कामावर असतात. शनिवार घ्या."

"शुक्रवारच. त्याच दिवशी इंग्लंड बाहेर पडतंय. हा योग आहे."

"योग नाही, हा हेका आहे."

लेकीला पत्रिका गेली. पत्रिकेत खाली बारीक अक्षरात यांनी दुहेरी आनंदाचा उल्लेख केलेला! तिचं उत्तर आलं, "बाबा, नॉट ऑन दॅट डे. एनी अदर डे." यांनी कळवलं, दिवस बदलणार नाही. तिकडून काही नाही. इकडे एक्क्याऐंशी दिवे आले, गुरुजी ठरले, ओवाळायला बायका ठरल्या, आणि हा माणूस दिवसेंदिवस वाळायला लागला. पट्ट्याला नवं भोक पाडलं. विजयाताईंनी नाडी धरली, म्हणाल्या, "यंत्रात बिघाड नाही. मालकात आहे."

आणि मग गंमत बघा. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी बातमी आली, इंग्लंड एकोणतीसला बाहेर पडत नाही. मुदत वाढवून घेतली!

त्या सकाळी मी दीनानाथरावांबरोबर चालत होतो. बुटांच्या दुकानापाशी पाटणकर आले. आम्हाला वाटलं, आता तोफ. ते नुसतं म्हणाले, "वाईट वाटलं रे."

चष्म्याच्या दुकानापाशी दीनानाथराव म्हणाले, "मी कार्यक्रम पुढे ढकलतोय. ते निघतील त्या दिवशी करू."

पुढच्या भेटीत पाटणकर, "आणि ते निघालेच नाहीत तर? चंद्र मोजत बसणार?"

दीनानाथराव बुटांकडे बघत पुढे गेले. सहा मिनिटांनी चष्म्यांकडे बघत. त्याच्यानंतरच्या भेटीत पाटणकर थांबलेच. भर रस्त्यात थांबले, चिनी आजीबाईंना वळसा घालून जावं लागलं.

"दीन्या, ऊर्मीला फोन तू करतोस की मी करू?"

विजयाताईही आल्या, आणि आम्ही चौघं बाकावर बसलो. दीनानाथरावांनी नंबर लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदाही तेच. ते फोन खिशात ठेवायला लागले तसं विजयाताईंनी मनगट धरलं. "जावयाला लावा. घाव त्याला बसलाय."

पीटरनं पहिल्याच रिंगला उचलला. दीनानाथरावांनी आयत्या वेळी स्पीकर चालू केला, का ते देव जाणे. आवाज एकट्यानं ऐकायचं धैर्य नसावं. इंग्रजीत बोलणं झालं, मला कळलं ते असं:

"पीटर, मी ऊर्मीचा बाबा बोलतोय." जसं काही तो दुसरा कुणी समजला असता.

"हो बाबा."

"त्या दिवशी मी लिहिलं होतं. ज्यानं त्यानं आपापल्या घरी जावं म्हणून. ते चुकीचं लिहिलं." "माझ्या घरी तू यावंस. तू आणि ती. तुम्ही नसाल तर मी पाटावर बसणार नाही."

"बाबा, ऊर्मी इथंच आहे. ती मानेनं नाही म्हणतेय."

"यायला नाही?"

"नाही, फोनवर बोलायला नाही. यायचं... थांबा, विचारतो." तिकडे खुसफुस. "ती विचारतेय, तुमचं इंग्लंडबद्दलचं मत बदललं का?"

आम्ही तिघं त्यांच्याकडे बघायला लागलो. पाटणकर जोरजोरात होकाराची मान हलवत होते. म्हण, बदललं म्हण, काय जातंय तुझं! मी पण हलवली. माझ्या गळ्यात दोन्ही बाजूंच्या माळा आधीपासूनच होत्या.

दीनानाथराव म्हणाले, "नाही. मत तेच आहे."

पाटणकरांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात फोनमधून, लांबून, खोलीच्या दुसऱ्या टोकाहून असावा, बाईचा आवाज आला, "टिपिकल! टोटली टिपिकल!"

दीनानाथरावांनी आमच्याकडे असं बघितलं की जणू लॉटरी लागली. फोनवर हात ठेवून हळूच म्हणाले, "बोलली."

कार्यक्रम ठरल्या दिवशीच राहिला, आणि ती दोघं यायला निघाली. अठ्ठावीसच्या दुपारी पिअरसन विमानतळावर त्यांना एकट्याला जायचा धीर नव्हता, म्हणून मला आणि पाटणकरांना बरोबर घेतलं. ऊर्मी आली, यांच्या पाया पडली, बोलली नाही. पीटरनं मिठी मारली, तर यांचा चष्मा त्याच्या कोटात अडकला. तो सोडवण्यात दोन मिनिटं गेली, ती बरी गेली.

व्हॅनमध्ये ऊर्मी पुढे बसली. मधे पीटर आणि पाटणकर, मागे मी बॅगांमध्ये. हायवेला लागेपर्यंत सगळे हवामान बोलले. मग ऊर्मीनं पट्टा सैल केला, बापाकडे वळली, आणि जी सुटली! तीन वर्षांचं साठलेलं. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. पीटरला राहायच्या परवानगीसाठी फॉर्म भरावा लागला ते. शेजारणीनं त्याला "मग तुम्ही कधी जाणार?" विचारलं ते. "आणि बाबा, फटाके? अकरा फटाके? हू डझ दॅट?" मधेच आईची आठवण काढून रडली, रडतारडता पुन्हा भांडली. दीनानाथराव समोर बघून गाडी हाकत होते, नुसतं "हो" आणि "चुकलं" म्हणत होते. मी खिडकीतून बघतो तर आमचं वॉन कधीच मागे पडलेलं, दोन्ही बाजूंना शेतं आणि बर्फ, पाटी बॅरी गावाची. मी पाटणकरांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

बऱ्याच वेळानं ऊर्मी दमली. पाण्याची बाटली उघडली.

दीनानाथरावांनी घसा साफ केला. "तरीपण," ते म्हणाले, "तत्त्व म्हणून बघितलंस तर इंग्लंडचा निर्णय बरोबरच होता."

"बाबा!" ऊर्मीनं बाटलीचं झाकण लावलं आणि पहिल्यापासून सुरू केलं.