गोळीवरची रेघ

मुलीला वाचनाची गोडी लागावी म्हणून मी काय काय केलं. तिला मुलुंडच्या एका वाचनालयात घातलं, जेवताना पुस्तक चालेल असं घरात जाहीर केलं. ती सातवीत गेली, शाळेचे प्रोजेक्ट वाढले, तेव्हा फोनवर माहिती कशी शोधायची तेही मीच शिकवलं. पहिलंच पान उतरवून काढू नकोस, दोन-तीन ठिकाणी बघ. आणि मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून लगेच मानू नकोस. हे शेवटचं तिला फारच आवडलं.

त्याच वर्षी तिच्या बाबाला ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली. मी वारांची नावं असलेली, खणाखणांची प्लास्टिकची डबी आणली. दर रविवारी ती भरायचं काम मुलीनं आपणहून मागून घेतलं. मला कौतुकच वाटलं.

सुरुवातीला प्रेशर उतरलं, मग पुन्हा चढायला लागलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळी नीट घेता ना? नवरा म्हणाला, रोज घेतो. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तिथून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

नवरा मालवणकडचा, सुक्या बोंबलावर जीव. घरी मीठ कमी केलं होतं, पण विक्रोळीच्या ऑफिसात तो काय खातो कुणाला माहीत? मी त्याचा डबा हुंगायला लागले, खिसे तपासायला लागले. एकदा वेफर्सचं रिकामं पाकीट सापडलं. ते आपलं नाहीच, असं त्यानं सांगितलं. मी मानलं नाही. मग एके दिवशी त्यानं मला त्याचा शर्ट नाकाशी धरताना पाहिलं. तो चिडला की मालवणीत जातो. "माझ्यार पाळत ठेवतंस काय गो?" एवढंच म्हणाला आणि माझ्याशी बोलणंच टाकलं.

मुलगी मात्र बाबाच्या बाजूनं होती. उगाच त्याच्यावर संशय घेतेस, असं मला सुनावायची. बाबाची लाडकी आहे, म्हणणारच, असं मी धरून चालले.

मग माझा संशय आमच्या नाहूरच्या गल्लीतल्या नव्या केमिस्टकडे वळला. एवढी सूट देतो, माल खरा कशावरून? एका दुपारी त्याला जाब विचारायचा म्हणून मी डबीतली गोळी काढली आणि दाखवायला पाकिटातलीही एक काढली. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही बारीक. पण पाकिटातल्या गोळीवर मधोमध रेघ होती, डबीतली गुळगुळीत. ती माझी व्हिटॅमिनची गोळी होती. माझं त्या गोळ्यांचं पाकीट या वेळी लवकर संपलं होतं, तेही तेव्हा आठवलं.

डबी भरणारी एकच होती. क्लासवरून आली तेव्हा मी दोन्ही गोळ्या तिच्यासमोर धरल्या. ती खोटं बोलली नाही. आत गेली आणि कंपासपेटीतून एक पुडी घेऊन आली. बाबाला न दिलेल्या सगळ्या गोळ्या त्यात होत्या.

"ह्या गोळीनं किडनी खराब होते," ती म्हणाली. "डॉक्टर हे लपवतात. मी तीन ठिकाणी वाचलंय. तूच म्हणालीस ना, कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही?"

ओरडायचं तोंडावर आलं होतं, पण मी तिला ती पानं उघडायला लावली. आम्ही दोघी टेबलाशी बसलो. तिन्ही पानांवर एकच मजकूर, शब्द न् शब्द तोच, शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच. आणि तिन्हींच्या तळाशी एकाच चूर्णाची जाहिरात.

"हे लिहिलंय कुणी?" मी विचारलं.

ती वर-खाली शोधत राहिली. नाव कुठेच नव्हतं.

"म्हणजे तू तिघांचं वाचलं नाहीस. एकाचंच वाचलंस, आणि त्याला काहीतरी विकायचंय."

तेव्हा तिला रडू फुटलं. बाबाला काही झालं असतं का, हेच परत परत विचारत राहिली.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो तिला जवळ घेऊन म्हणाला की, मला विचारायचंस तरी. ती म्हणाली, तू आईला सांगितलं असतंस, आणि आई डॉक्टरांचंच ऐकते. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "आणि तू माझे शर्ट हुंगत होतीस," म्हणाला. मी चहा ठेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी तिघंही डॉक्टरांकडे गेलो. ते रागावतील असं वाटलं होतं. पण तिला समोर बसवून त्यांनी सांगितलं की काही जणांच्या किडनीवर या गोळीचा परिणाम होऊ शकतो, म्हणूनच मध्ये मध्ये रक्त तपासतो, आणि बाबाचे रिपोर्ट चांगले आहेत. म्हणजे त्या पानांत थोडं खरंही होतं. मुलीनं विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? सांगायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले.

काही आठवड्यांत प्रेशर उतरलं. नवऱ्यानं तिला कधी बोल लावला नाही. ती आता कुठल्याही पानावर आधी लिहिणाऱ्याचं नाव शोधते, आणि मी काही सांगितलं तरी विचारते, तुला कुणी सांगितलं?

मला ते आवडतं. तरी ती फोन घेऊन फार वेळ गप्प बसली की मी अजूनही दारात जाऊन उभी राहते.