हद्दीवरचा राब

सावरीच्या पाड्यात घरं अकरा. त्यांतली साडेपाच महानगरपालिकेत आणि साडेपाच ग्रामपंचायतीत. हद्दीची रेघ ज्या घरातून आरपार जाते, ते घर काळुरामचं. त्याची चूल पालिकेत आणि ओटी पंचायतीत. नळ मागितला की पालिका म्हणते पंचायतीकडे जा, रस्त्यावर दिवा मागितला की पंचायत पालिकेकडे बोट दाखवते. या भांडणापायी काळुराम ठाण्याच्या कचेरीत नकाशा घेऊन इतक्या खेपा घालून आलाय की तिथला शिपाई त्याला चहा विचारतो. एकदा म्हशीला लस द्यायला डॉक्टर आला तर तो गोठ्यातच विचारात पडला, कारण म्हशीचं तोंड पालिकेत होतं. सुई मागच्या बाजूला टोचायची म्हणून म्हैस अखेर पंचायतीची ठरली.

हा पाडा काही कुठे जंगलात नाही. मानपाड्याच्या पुढे आमचा बावीस मजली टॉवर आहे, त्याच्या गॅलरीतून तो दिसतो. पण जायचं म्हटलं तर रिक्षावाला नाल्याशी हात वर करतो आणि पुढे अर्धा तास बांधावरून चालावं लागतं. बिल्डरने आम्हाला फ्लॅट विकताना हा पाडा 'हिरवा देखावा' म्हणून दाखवला होता. देखाव्यात माणसं राहतात हे मला कळायला चार वर्षं लागली, आणि तेही माझ्या मूर्खपणामुळे.

मी त्या टॉवरचा सेक्रेटरी. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी पाड्याकडून धुराचा लोट आला. सोसायटीच्या ग्रुपवर पंधरा मिनिटांत चौऱ्याऐंशी मेसेज पडले. कुणी म्हणालं केमिकल जळतंय, कुणाला दमा लागला, कुणी विचारलं सेक्रेटरी झोपा काढतोय का. हे शेवटचं मला झोंबलं. मी तडक अग्निशमन दलाला फोन लावला आणि आपण केलेली कामगिरी बघायला स्वतः पाड्यावर गेलो.

बंब माझ्या आधी पोचला होता. नाल्याला वळसा घालून खदाणीच्या वाटेने आणला म्हणे. साहेब गाडीतून उतरले, आगीकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो हद्द कुठली. काळुरामने शेतातला हद्दीचा दगड दाखवला. आग बरोबर दगडाच्या दोन्ही बाजूंना होती. साहेबांनी थोडा विचार केला आणि माणसांना हुकूम सोडला की दगडाच्या अलीकडची विझवा, पलीकडची आपली नाही.

असा अर्धा विझवलेला वणवा मी जन्मात पाहिला नव्हता. एका बाजूला चिखल आणि दुसऱ्या बाजूला निवांत धुमसणारा पाला. काळुराम मधोमध उभा. साठी उलटलेला, अंगात बंडी, कमरेला आखूड पंचा, आणि चेहरा असा की मला वाटलं हा आता कोयता काढतो. साहेबांनी त्याला दम भरला की पुन्हा हा प्रकार झाला तर नावावर नोटीस काढीन, आणि बंब गेला.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "फोन तुमी केलाव?"

मी मान डोलावली.

"आग नाय ती, राब हाय. तुमचा गाव कंचा?"

मी संगमेश्वरजवळचं गाव सांगितलं.

"मग तिकरं भात शेतान पिकतो, का दुकानान?"

मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. आमच्याकडे यालाच भाजावळ म्हणतात. शाळेच्या सुट्टीत मी स्वतः शेण गोळा केलंय, त्यावर डहाळ्या, पालापाचोळा, गवत, वर मातीचा थर रचलाय. आजोबा तो हळूहळू पेटवायचे. जमीन भाजली की तण मरतं आणि त्या राखेत भाताचं बी पेरतात. सोळा वर्षं नाकात भरलेला तो वास मला बाविसाव्या मजल्यावर ओळखू आला नाही. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

काळुरामची बायको शालूवहिनी हिने मला पाणी दिलं आणि नवऱ्याने जे सांगितलं नसतं ते सांगून टाकलं. बाकीच्या दहा घरांनी शेती कधीच सोडली. कुणी लग्नाचा लॉन काढला, कुणी गोदाम. काळुराम एकटा अजून जुनं तांबडं भात लावतो. ते बी आता आसपास कुणाकडे नाही. दुकानात मिळत नाही, आणि सालभरापेक्षा जास्त टिकत नाही. एक पावसाळा चुकला की संपलं. ओल्या अर्ध्या वाफ्यात नुसतं तण माजणार होतं आणि उरलेल्या अर्ध्यात सगळं बी मावणार नव्हतं. पुन्हा भाजायचं तर पाला कुठून आणायचा? तो काळुराम पौषापासून जमवत होता. पाऊस आठ-दहा दिवसांवर आलेला.

पाला म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली. आमच्या सोसायटीच्या मागे सुक्या पाल्याची चाळीस पोती पडून होती आणि ती कुठे टाकायची यावरून कमिटीत वर्षभर मारामाऱ्या चालू होत्या. आमची कमिटी एकमताने काही करते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. टेम्पो नाल्यापर्यंत गेला आणि पुढे पोती आम्ही डोक्यावरून नेली. शेण म्हशीने दिलं, दोन्ही हद्दींत.

चौथ्या दिवशी ग्रुपवर मी ठळक अक्षरांत लिहिलं की उद्या सकाळी राब भाजणार आहेत, दारं-खिडक्या लावून घ्या, कुणीही फोन करू नये. सकाळी पाड्यावर पोचलो तर काळुरामने काडेपेटी माझ्या हातात ठेवली. ज्याने विझवला त्यानेच पेटवायचा, असा त्याचा न्याय. मी वाऱ्याकडे तोंड करून पेटवला. हात विसरले नव्हते.

वीस मिनिटांत बंब हजर. चौदाव्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या ऐश्वर्याला ग्रुपवर घ्यायचं मीच विसरलो होतो.

साहेब तेच. माणसांनी पाइप सोडायला घेतला. साहेबांनी त्यांना थांबवलं आणि वही उघडून आग कोणी लावली म्हणून काळुरामला विचारलं. त्याने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "मी लावली."

"गेल्या वेळी फोन केलेला तो तुम्हीच ना?"

"हो."

साहेबांनी ओटीवरची खाट पुढे ओढली. मग खाटेवर बसून लिहायला लागले. नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, फ्लॅट, मजला, मूळ गाव, तालुका. सोसायटीच्या नोंदणीचा नंबर मला पाठ नव्हता, तर म्हणाले, सावकाश आठवा. शालूवहिनींनी चहा आणला, तो त्यांनी बशीत ओतून फुंकून फुंकून प्यायला. पेन बंद पडलं, ते झटकण्यात पाच मिनिटं गेली. पाइप धरलेली माणसं उभी राहून कंटाळली आणि सावलीत जाऊन बसली. पाऊण तासाने साहेबांनी वही मिटली आणि वाफ्याकडे पाहिलं. तिथे आता करडी राख होती आणि विझवायला काही उरलं नव्हतं.

गाडीत चढता चढता ते काळुरामला म्हणाले, "काका, हे तांबडं भात आमच्याकडे मुरबाडला माझा बाप लावायचा. बी गेलं आमचं. मूठभर मिळेल?"

काळुराम कुणाला दाणा देत नाही, सख्ख्या भावालाही दिला नव्हता. तो आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं चांगलं दोन पायलीचं गाठोडं होतं.

"मुठीन काय होतंय," तो म्हणाला. "माझा एखादं साल चुकला, तर तुमच्याकरनं मना परत मिलल."

साहेबांनी ते गाठोडं बंबात पुढच्या सीटवर मांडीवर घेतलं. माझी नोटीस तिसऱ्या दिवशी आली.