बेडखालच्या हुकाला अडकवलेली पिशवी

असे अनुभव मी इथे बरीच वर्षं वाचत आलो, पण कधी खरे मानले नाहीत. शाळेत विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं. आजही पटलंय असं नाही... जे झालं तेवढं लिहितो.

गेल्या वर्षी माझ्या बायकोला, सुलभाला, अर्धांगवायूचा झटका आला. सोलापुरातलं एक हॉस्पिटल, दुसरा मजला, खिडकीजवळचा बेड. उजवी बाजू पूर्ण गेलेली. नाकातली नळी ओढायची म्हणून डावा हात कठड्याला सैल बांधलेला. लघवीसाठी कॅथेटर होतं, त्याची पिशवी बेडखालच्या हुकाला.

नर्सने सुरुवातीलाच बजावलं होतं, "सर, पिशवी कायम कमरेच्या खाली. वर घेतली की लघवी उलटी आत जाते, इन्फेक्शन होतं. यांना आता ते झेपणार नाही."

पण दुपारी पाहुणे यायच्या वेळी माझी थोरली बहीण आक्का, ती बार्शीची, पिशवी उचलून गादीवर ठेवायची. वर चादर.

"आक्का, नर्सनं काय सांगितलंय?"

"सांगू दे की. बाईमाणसाचं हे असं चारचौघांत लोंबकळत ठिवायचं व्हय? तू पुस्तकातच बघ."

एके दिवशी पाहुणे गेल्यावर तिने चादर उचलली, तर पिशवी खाली हुकाला.

"तूच काढलीस."

"मी स्टुलावरून उठलोसुद्धा नाही."

नर्सला विचारलं. ती सगळा वेळ पलीकडच्या टोकाला ड्रेसिंग करत होती.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आक्का इरेला पेटली. पिशवी गादीवर ठेवून, चादरीवरून तिच्यावर हात दाबून बसली. भेटायला आलेले दाजी, आक्काचे यजमान, एसटीच्या गर्दीबद्दल बोलत होते. मी फक्त तिच्या हाताकडे बघत होतो. तो हलला नाही — पण बोलता बोलता त्याच्याखालची चादर सपाट झाली.

आक्काने चादर उचलली नाही. वाकून बेडखाली पाहिलं. पिशवी हुकाला होती, नळीला साधा पीळही नव्हता.

मग तिने हळूच विचारलं, "तू न्हाईस ना रे?"

"नाही."

त्यानंतर कुणी आलं की तीच सांगायची, "पिशवी खालीच असती. तिकडं बघू नका, तिच्याशी बोला."

सुलभाला शेवटपर्यंत ताप आला नाही. लघवीचे रिपोर्ट स्वच्छ होते. ती गेली ती मेंदूच्या दुसऱ्या झटक्याने.

आया, शेजारच्या बेडचे नातेवाईक, आमच्याच डोळ्यांचा थकवा... सगळ्या शक्यता लावून पाहिल्या. एकही बसत नाही. आक्का म्हणते, सुलभाच होती. असेलही. मला एवढंच कळत नाही, की जो कुणी तिची इतकी काळजी घेत होता, त्याच्या हातात फक्त पिशवी खाली ठेवण्याएवढंच का होतं.

माझ्याही हातात तेवढंच होतं. आणि तेही मी केलं नव्हतं.