परकीचं ताट

"तू फक्त काळे कपडे घालून ये. गव्हाचं मी बघते," थियानोनं सांगून टाकलं.

गुनिलाचा नवरा स्तामातिस जाऊन दुसऱ्या दिवशी चाळीस दिवस होणार होते. चाळिसाव्याला गेलेल्याच्या नावानं गोड गव्हाचं ताट चर्चमध्ये न्यायचं, ते बायकोनं. पण थियानो त्याची थोरली बहीण, आणि गुनिला स्वीडनची. एका उन्हाळ्यापुरती म्हणून ती या बंदरात उतरली, बोटींचे दोर झेलणाऱ्या स्तामातिसवर भाळली आणि एकतीस वर्षं राहिली. धक्क्यावर ऑक्टोपस आपटून मऊ करायला शिकली, कोळ्यांशी त्यांच्याच शिव्यांत भांडायला शिकली. तरी गावाच्या तोंडी ती 'परकी'च. पोस्टमन तर तिलाच विचारायचा, "परकीचं पत्र आहे, ठेवू का?"

"वन्सं, नवरा माझा होता. ताट मी आणणार."

"तुला नाही जमायचं गं. आमच्या आईचा जन्म गेला त्यात."

"माझा काय वेगळा गेलाय?"

गुनिलाचे गहू छान फुलले. पण उकडल्यावर ते पंचावर पसरून रात्रभर सुकवायचे असतात, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सकाळी तिनं वर साखरेचा पांढरा थर दिला, बदामांचा क्रूस काढला. चर्च येईतो साखर पाझरली आणि क्रूस एका अंगाला कलला.

थियानोचं ताट आधीच मांडलेलं होतं, इस्त्री फिरवल्यासारखं.

"अगं बाई, ही काय खीर आणलीस? मागे ठेव. गाव हसेल."

"हसू दे." गुनिलानं आपलं ताट थियानोच्या ताटापुढे सारलं. पाद्रीबाबांनी दोन्हीवर मिळून स्तामातिसचं नाव घेतलं.

बाहेर गहू वाटायचे. थियानो कागदी पिशव्या भरू लागली. गुनिलाचे ओले गहू पिशवी फाडून बाहेर येऊ लागले, तेव्हा तिनं सरळ चमचा घेतला. पहिला नणंदेपुढे धरला.

"घ्या."

मेलेल्याच्या नावाचे गहू नाकारायची या गावात कोणाची छाती नाही. थियानोनं हात पुढे केला, खाल्ले. खाणाऱ्यानं एक वाक्य म्हणायचंच असतं. गुनिला समोरून हलेना.

"देव त्याला क्षमा करो," थियानो पुटपुटली.

"मोठ्यानं म्हणा, वन्सं. मागच्यांना ऐकू नाही आलं."

थियानोनं मोठ्यानं म्हटलं. मग चिकट तळवा पुसत म्हणाली, "साखर फार झालीय."

"त्याला तशीच लागायची," गुनिला म्हणाली आणि पुढच्या हातावर चमचा रिकामा केला.